लोकरीच्या सुतांत रंगांचा मेळ

सुगी उलगडली कीं पारनेर, संगमनेर, पाथर्डी या भागांत शेतांत मेंढ्या बसविण्याची चाल आहे. लेंडीखताचें मोल प्रत्येक शेतकरी जाणतो. त्याच मेंढीच्या पाठीवरील लोकरीचें मोल मात्र कोणी करीनासें झालें आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व बहुधा काळी. गिरण्यांस ती नको असते, आणि घोंगड्या विणणारे सणगर व खुटेकर धनगर यांचे मागही विरळ झाले आहेत. त्यामुळें कातरलेली लोकर पुष्कळदां बांधावर टाकून दिली जाते. परंतु हातानें सूत कातणारास तिच्यांतील निरनिराळे नैसर्गिक रंग फार उपयोगी पडतात. त्यांचा मेळ कसा घालावा, हें येथें सांगावयाचें आहे.

पहिलें काम निवडीचें. कातरणीच्या वेळींच काळी, करडी, तांबूस व पांढरी लोकर वेगवेगळ्या पोत्यांत भरावी. एकदां मिसळलेली लोकर पुनः निवडतां येत नाहीं. पांढरी थोडीच निघते, पण रंग उजळ चढतो तो तिच्यावरच. करडीवर तो गडद उतरतो व काळीवर दिसतच नाहीं.

रंगाचें सामान बव्हंशीं घरचेंच आहे. धुतलेली कोरडी लोकर १०० ग्रॅम असल्यास १० ते १२ ग्रॅम तुरटीच्या पाण्यांत ती मंद आंचेवर सुमारें एक तास ठेवावी. तुरटी अधिक झाल्यास लोकर चिकट होते. नंतर डाळिंबाच्या सालींच्या काढ्यांत ती पिवळी, कांद्याच्या टरफलांच्या काढ्यांत पिवळी-नारिंगी, व मंजिष्ठांत तांबडी होते. डाळिंबाच्या रंगांत चिमूटभर हिराकस टाकल्यास तो काळपट होतो. मात्र हिराकस जास्त झाल्यास लोकर राठ होते. हळदीचा रंग उन्हानें लवकर विटतो, म्हणून विकावयाच्या मालास तो वापरूं नये. ऊन लोकर एकाएकीं थंड पाण्यांत घालूं नये व चोळूं नये. तसें केल्यास तिचा घट्ट गोळा बसतो.

रंग मिसळण्याच्या रीती दोन. पहिली, कातण्यापूर्वीं पिंजतांना मिसळणें. यांत तंतू तंतूशीं मिळतो व शांत, एकजीव छटा येते. काळा रंग फार जोरकस असतो. काळी व पांढरी समभाग घेतल्यास करडा बराच गडद होतो. फिका करडा हवा असल्यास काळी चौथ्या हिश्श्याहून अधिक घेऊं नये.

दुसरी रीत, कातल्यानंतर दोन रंगांचे पदर एकत्र पिळणें. यांत रंग विरघळत नाहींत. जवळून दोन्ही वेगळे दिसतात व दुरून काळ्या-पांढऱ्या तिळांच्या राशीसारखें मिश्रण भासतें. पिवळा व नारिंगी असे शेजारचे रंग पिळल्यास सूत उजळ दिसतें. तांबडा व हिरवा जवळून शोभतात, पण दुरून मळकट तपकिरी दिसतात.

पिळतांना एक नियम विसरूं नये. एकपदरी सूत चातीवर उजवीकडे फिरवून कातलें असल्यास पदर डावीकडे फिरवून पिळावे. उलट्या पिळानें मूळचा ताण कांहींसा उतरतो व सूत मऊ, भरीव व बळकट होतें. एकाच दिशेनें पिळल्यास तें दोरासारखें ताठ होऊन गुंता करतें. दोन्ही पदर सारख्या जाडीचे व सारख्या ताणांत असावेत. नाहींतर एक सरळ राहतो व दुसरा त्याभोंवतीं नुसता वेटाळला जातो. पारख सोपी आहे: तयार सुताचा फांस सैल लोंबत सोडावा. तो स्वतःभोंवतीं गुरफटला नाहीं, तर पीळ बरोबर समजावा.

या रीतीचा व्यवहारी लाभही आहे. घरगुती रंगाचे दोन घाणे क्वचितच सारखे उतरतात. अशा वेळीं प्रत्येक घाण्याचा एकेक पदर घेऊन पिळल्यास फरक झांकला जातो व सबंध आसन किंवा पिशवी एकरंगी दिसते. घोंगडीस सामान्यतः एकपदरी सूतच लागतें. दुपदरी सूत पिशव्या, आसनें व मोजे यांस योग्य.

मोठें काम आरंभण्यापूर्वीं मूठभर लोकरीचा नमुना करून, तो धुवून व वाळवून पाहावा. ओल्या सुताचा रंग नेहमीं गडद भासतो. पसंत पडलेल्या नमुन्यास वजनांची चिठ्ठी बांधून ठेवावी. पुढील कातरणीस तोच रंग पुनः साधावयाचा तर तीच चिठ्ठी कामीं येईल. घरांतील कातणारांनीं एवढें केलें तरी बांधावर जाणारी लोकर चार पैसे देऊं लागेल.