राजा गेला, धम्म लोकांनी राखला

मंडालेच्या टेकडीच्या पायथ्याशी छोट्या पांढऱ्या स्तूपांच्या रांगाच रांगा लागलेल्या आहेत. प्रत्येक स्तूपाच्या पोटात संगमरवराची एक उभी शिळा आहे. पाच फूट उंच, साडेतीन फूट रुंद, आणि दोन्ही अंगांनी बर्मी लिपीतल्या पाली मजकुराने गच्च भरलेली. अशा ७२९ शिळांवर मिळून अख्खं त्रिपिटक कोरलेलं आहे. हे काम कसं तडीला गेलं, ते सांगण्यासाठी आणखी एक शिळा निराळी उभी आहे. कुथोडॉ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दगडी ग्रंथाची २०१३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत नोंद केली.

हा ग्रंथ घडवून घेतला ब्रह्मदेशाच्या मिंडोन राजाने. १८५२च्या युद्धात दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनी गिळला होता आणि उरलेलं राज्य किती दिवस टिकेल, याची खात्री कुणालाच नव्हती. ताडपत्र वाळवी खाते, कागद जळतो. दगड राहील, असा राजाने विचार केला. मंडालेच्या उत्तरेकडच्या सग्यिन टेकडीवरून संगमरवर काढून नदीमार्गे आणला. १८६० ते १८६८ अशी आठ वर्षं कोरीवकाम चाललं. पोथ्यांशी ताळा करून भिक्खू मजकूर पक्का करत, कारागीर तो कोरत आणि मग अक्षरांत सोनं भरलं जाई. १८७१ मध्ये राजाने पाचवी धम्मसंगीती, म्हणजे धम्मग्रंथ पारखून घेणारी भिक्खूंची परिषद, भरवली. तिच्यासाठी २,४०० भिक्खू मंडालेत जमले होते.

राजाची भीती खरी ठरली. १८८५मध्ये इंग्रजी फौज मंडालेत शिरली. कुथोडॉच्या आवारात सैनिकांचा मुक्काम पडला आणि त्या काळात अक्षरांमधलं सोनं खरवडून नेलं गेलं. मिंडोनचा मुलगा थिबा याला राणीसह रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१०मध्ये बांधून झालेला थिबा राजवाडा तिथे आजही उभा आहे. थिबा १९१६मध्ये तिथेच वारला. मिंडोनने बांधलेल्या किल्ल्याची छावणी झाली, आणि मंडालेच्याच तुरुंगात लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ अशी वर्षं काढून ‘गीतारहस्य’ लिहिलं.

ब्रह्मदेशात राजा हा धम्माचा आश्रयदाता असे. संघप्रमुख तो नेमी, भिक्खूंच्या परीक्षा घेववी, शिस्त मोडणाऱ्याला चीवर उतरवायला लावी. इंग्रजांनी ही जबाबदारी अंगावर घेतली नाही. मग धम्म राखायचा कुणी? या प्रश्नाचं जे उत्तर ब्रह्मदेशाने शोधलं, त्याने त्या देशाचा पुढचा सगळा इतिहास घडवला. आणि त्याची एक वाट महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचली.

उत्तर देणाऱ्यांत अग्रभागी होते लेडी सयाडॉ. (सयाडॉ म्हणजे विहाराचे प्रमुख, ज्येष्ठ भिक्खू.) धम्म सिंहासनावर विसंबून राहू शकत नसेल तर तो घराघरांत गेला पाहिजे, ही त्यांची धारणा. विद्वानांसाठी राखून ठेवलेलं अभिधम्मासारखं अवघड शास्त्र त्यांनी साध्या बर्मी भाषेत आणलं, गावोगावी अभ्यासमंडळं काढली आणि ध्यान गृहस्थांना खुलं केलं. त्यांच्या शिष्यांपैकी सया तेजी हे रंगूनजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. त्यांच्याकडे शिकले ऊ बा खिन, १९४८मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे महालेखापाल. हे गृहस्थ सरकारी हिशेब सांभाळत आणि कचेरीतल्या माणसांना ध्यानही शिकवत. १९५५मध्ये अर्धशिशीने बेजार झालेला, मंडालेत जन्मलेला एक मारवाडी व्यापारी त्यांच्याकडे आला. तेच सत्यनारायण गोयंका. १९६९मध्ये ते विपश्यना ही ध्यानपद्धती घेऊन भारतात आले आणि १९७६मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे ध्यानकेंद्र उभं राहिलं. भिक्खूकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून अधिकाऱ्याकडे, अधिकाऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, असा हा वारसा आला. मुंबईत गोराईला याच परंपरेने रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर उभारलेल्या पॅगोडाच्या विस्तीर्ण घुमटाखाली एकही खांब नाही.

दुसरा धागा याहून मोठा. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती भरली. पहिली संगीती जिथे भरली, त्या राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेची आठवण म्हणून एक प्रचंड कृत्रिम गुहा त्यासाठी बांधली होती. महासी सयाडॉ प्रश्न विचारत आणि मिंगुन सयाडॉ त्रिपिटकातून उत्तरं देत. त्रिपिटकाची हजारो पानं मिंगुन सयाडॉंना मुखोद्गत होती. १९५४मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांना दीक्षा दिली ती आराकानात जन्मलेल्या आणि कुशीनगरला आयुष्य वेचलेल्या महास्थवीर चंद्रमणी यांनी. सहाव्या संगीतीने शुद्ध केलेला पाली मजकूर आज देवनागरीत वाचायला मिळतो, तो इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासामुळे.

पण बर्मी समाज समजून घ्यायचा तर पुस्तकांपेक्षा भिक्षापात्राकडे पाहायला हवं. सकाळी भिक्खू अनवाणी, मूकपणे रांगेने निघतात आणि घरोघरच्या बायका पात्रात गरम भात वाढतात. बहुतेक मुलगे कधी ना कधी, काही आठवड्यांसाठी का होईना, डोकं भादरून श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) होतात. त्या दिवशी गरीब घरही मुलाला राजपुत्रासारखं सजवून मिरवतं. अक्षरओळख विहारातच होत असे, म्हणून इंग्रज येण्याआधीही तिथल्या पुरुषांमध्ये साक्षरता चांगलीच रुजलेली होती. आज जिथे सरकारी शाळा परवडत नाही किंवा गावात नाही, तिथे विहाराची शाळा असते. मंडालेत ऊ नायक या भिक्खूंनी १९९३मध्ये सुरू केलेल्या फाउंग डॉ ऊ शाळेत हजारो मुलं फुकट शिकत आली आहेत. त्यांत अनाथ आहेत, डोंगरी जमातींची आहेत.

सगाईंगचं उदाहरण आणखी बोलकं आहे. इरावतीच्या काठावरच्या या टेकड्यांवर शेकडो विहार आहेत. नदी पायथ्याशी वाहते, पण पाणी वर चढवणं हे रोजचं हाल करणारं काम होतं. १९८०च्या दशकात सीतागू सयाडॉंनी लोकांकडून दान गोळा करून पंप, टाक्या आणि नळ यांचं जाळं उभारलं आणि नदीचं पाणी टेकडीवर चढवलं. पाठोपाठ रुग्णालय आलं, डोळ्यांची रुग्णालयं आली. २००८मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात सव्वा लाखावर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. लष्करी सरकार परदेशी मदतीला आडकाठी करत असताना विहारांनी दारं उघडली आणि सयाडॉंनी तांदळाच्या, कौलांच्या होड्या पाठवल्या.

हीच ताकद आधीच्या वर्षी रस्त्यावर दिसली होती. ऑगस्ट २००७मध्ये इंधनाचे दर एका रात्रीत वाढले. सप्टेंबरात पखोक्कू गावी सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. संघाने विनयातलं, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतलं, एक जुनं हत्यार काढलं: पात्र पालथं घालायचं, लष्करी अधिकाऱ्यांचं दान नाकारायचं. ज्याचं दान संघ घेत नाही, त्याची पुण्याची वाटच बंद होते. हजारो भिक्खू मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, म्हणत रंगूनच्या रस्त्यांवर उतरले. त्यांच्यावर गोळ्या चालवाव्या लागल्या, यातच सेनापतींना वाटलेली भीती दिसते.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. लोकांनी राखलेला धम्म लोकांच्या भीतीचा आणि द्वेषाचाही वाहक होऊ शकतो. ऊ विराथूसारख्या भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध उघड विष पेरलं. २०१७मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्यांना रखाइन सोडून बांगलादेशात पळावं लागलं, आणि त्यांच्या बाजूने संघातून फारच थोडे आवाज उठले. त्याच वर्षी, सगाईंगला पाणी देणाऱ्या त्याच सीतागू सयाडॉंनी सैनिकांपुढच्या प्रवचनात महावंस या श्रीलंकेच्या बखरीतली दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. युद्धात मारलेले बहुतेक लोक माणसांत मोजण्याजोगे नव्हते, असं राजाचं सांत्वन करणारी ती कथा आहे. मेत्तसुत्त ज्या परंपरेचं आहे, तिच्यातून हे यावं, ही वेदना बर्मी बौद्धांमधल्याही अनेकांनी बोलून दाखवली. संघाची सेवा मोठी आहे म्हणून या गोष्टीवर पांघरूण घालणं हा त्या सेवेचाच अपमान ठरेल.

विकास म्हणून जे काही बाहेरून आलं, त्याचा हिशेब वेगळाच आहे. रखाइनच्या क्याउकफ्यू बंदराहून चीनच्या युनानपर्यंत वायुवाहिनी टाकली गेली. रखाइन मात्र देशातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक राहिला. काचिन प्रांतातलं मिट्सोन धरण लोकांच्या विरोधामुळे २०११मध्ये थांबवावं लागलं. भारताच्या कलादान प्रकल्पातलं सित्वे बंदर २०२३मध्ये सुरू झालं, पण मिझोरामला जोडणारा रस्ता अपुराच. ज्या पालेत्वातून तो जायचा, ते गाव २०२४च्या आरंभी आराकान आर्मी या बंडखोर सेनेच्या हाती गेलं. १ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर देश यादवीत होरपळतो आहे, आणि नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी रेघेखालच्या गावांना विचारलं नव्हतं, याची किंमत आता सगळेच मोजत आहेत.

२८ मार्च २०२५ला सगाईंगजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. इरावतीवरचा इंग्रजांच्या काळातला आवा पूल नदीत कोसळला, मंडालेत परीक्षेला बसलेल्या भिक्खूंवर विहाराची इमारत पडली, तीन हजारांहून अधिक माणसं गेली. भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली मंडालेत लष्करी रुग्णालय उभारलं आणि तिथे शेकडोंवर उपचार झाले. पण भूकंपानंतरही लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. विस्थापितांनी आसरा घेतलेले विहारही त्यांतून सुटलेले नाहीत. अशा स्थितीत शेजाऱ्याला खरोखर काही करायचं असेल, तर त्याने बंदरं आणि महामार्गांच्या बरोबरीने विहारांच्या शाळा, दवाखाने आणि पाण्याचे पंप यांना हात द्यायला हवा. पैसा कुठे जातो ते तिथे गावाला दिसतं, आणि शिक्षक, जागा आणि माणसांचा विश्वास तिथे आधीपासून आहे. शिवाय मोरेह-तामूची सीमा ओलांडली की सगाईंग प्रांतच लागतो. तो भारताला दूरचा नाही.