पिशवी तेलकट का?

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर माझी धाकटी जाऊ बार्शीहून चार दिवस आमच्याकडे ठाण्याला आली, ती एक गाठोडं आणि एक तक्रार घेऊनच. गाठोड्यात शेंगांच्या चटणीच्या साठ पिशव्या होत्या. तक्रार ही, की चटणी खपत नाही.

"ताई, चव घेतली की सगळे छान म्हणतात. पण दुकानात ठेवली की कुणी हातसुद्धा लावत नाही."

आमच्या सोलापूरकडची शेंगांची चटणी तुम्हाला माहीत असेलच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि हे सगळं उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये फिरवली तर त्याचा नुसता कूट होतो, चटणी होत नाही, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत. जावेने बचत गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं होतं. दिराचा विरोध नव्हता, पण उत्साहही नव्हता. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उखळ माझं वापर, कर्ज तुझं तू बघ." आता चार महिने झाले होते, हप्ते घरखर्चातून जात होते आणि घरात कुणी काही बोलत नसलं तरी तिला ते ऐकू येत होतं.

मी पिशवी हातात घेतली. लाल-पिवळं लेबल. त्यावर पांढरी उंच टोपी घातलेली एक गोरीपान बाई हसत होती. खाली 'बेस्ट क्वालिटी', 'घरगुती चव'. छापखानेवाल्याने इंटरनेटवरून चित्र उचललं, हिच्याकडून दोन हजार घेतले आणि काम संपवलं.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"काय माहीत! ते म्हणाले, अशी बाई असली की माल उठतो."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती एकदम गप्प झाली. म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं जाहिरातीच्या ऑफिसात होतात. मला एक चांगली आयडिया द्या ना."

मैत्रिणींनो, मी काही जाहिरातवाली नव्हे. एका लहानशा जाहिरात संस्थेत मी वीस वर्षं मराठी मजकुराची प्रुफं तपासली, बस्स. पण त्या वीस वर्षांत चहाच्या वेळी कानावर पडलेल्या गोष्टी मात्र पक्क्या लक्षात राहिल्या. आयडिया कुठून येतात, याच्या त्या गोष्टी. बाहेरून वाटतं, एसी केबिनमध्ये कुणीतरी हुशार माणूस डोळे मिटून बसत असेल आणि त्याला सुचत असेल. तसं फार कमी वेळा होतं.

ललिताजी आठवतात? निळ्या काठाची पांढरी साडी, ठसठशीत बोलणं, भाजीवाल्याशी घासाघीस. १९८०च्या दशकात निरमा इतकी स्वस्त मिळायला लागली, की महागड्या सर्फचं धाबं दणाणलं. आता महाग पावडर बाईने का घ्यावी, हे पटवायचं कसं? लिंटास या जाहिरात संस्थेचे प्रमुख होते अलेक पदमसी, नाटकवाले, 'गांधी' सिनेमात जिना झाले होते तेच. त्यांना आपली आई आठवली. घरी सगळी सुबत्ता असूनही ही माउली भाजीवाल्याशी पैशा-पैशासाठी हुज्जत घालायची, आणि चांगली वस्तू दिसली की मात्र हात आखडता घेत नसे. पदमसींनी स्वतःच सांगून ठेवलंय, की ललिताजी म्हणजे माझी आई. स्वस्त आणि चांगलं यांतला फरक कळणारी बाई! ती भूमिका केली कविता चौधरी यांनी. पुढे 'उडान' ही मालिका त्यांनीच लिहिली, दिग्दर्शित केली, त्यात कामही केलं. त्याची प्रेरणाही घरातलीच, त्यांची पोलीस अधिकारी बहीण कांचन. २०२४मध्ये कविता चौधरी गेल्या, तेव्हा बातम्यांत पहिली आठवण ललिताजींचीच निघाली.

आणि त्या निरमाचं नाव तरी कुठलं? अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९मध्ये घराच्या अंगणात पावडर बनवली, सायकलवरून विकली आणि नाव दिलं आपल्या लेकीचं, निरुपमाचं.

पदमसींचीच आणखी एक गोष्ट मला जास्त आवडते. लिरिल साबणाची धबधब्याची जाहिरात १९७०च्या दशकातली. हिरव्या बिकिनीतली मुलगी पाण्याखाली मनमुराद भिजतेय, तेव्हा बराच गहजब झाला होता म्हणे. पण तिचं मूळ कशात होतं? गृहिणींशी बोलताना लक्षात आलं, की दिवसभरात बाईला फक्त स्वतःची अशी दहाच मिनिटं मिळतात, ती न्हाणीघरात. तिथे मुलं नाहीत, सासू नाही, कुकरची शिट्टी नाही. तिथे ती गुणगुणते आणि मनाने कुठेही जाऊन येते. धबधबा त्या दहा मिनिटांतला होता. मी हे जावेला सांगितलं, तर ती म्हणाली, "दहा मिनिटं? आमच्याकडे तेवढ्यात दोनदा कडी वाजते."

अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ची. सिल्व्हेस्टर द कुन्हा यांची संस्था आणि युस्टेस फर्नांडिस यांचं चित्र. मुंबईच्या रस्त्यांवर ती आधी दिसली आणि मग शहरात जे जे घडेल त्यावर बोलायला लागली. संप असो, निवडणूक असो, क्रिकेट असो. पण तिच्याबरोबरचं ते 'अटरली बटरली' कुठून आलं? द कुन्हा यांच्या पत्नी निशा यांनी घरी गप्पांत 'अटरली' सुचवलं, नवऱ्याने पुढे 'बटरली' जोडलं. आपल्या लिज्जतचंही तसंच. १९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, आणि १९६२मध्ये नावाची स्पर्धा ठेवली तेव्हा त्यांच्यातल्याच धीरजबेन रुपारेल यांनी 'लिज्जत' हे नाव सुचवलं. बक्षीस होतं पाच रुपये!

तुम्ही म्हणाल, म्हणजे बायकांकडून घ्यायचं आणि बायकांनाच विकायचं. अगदी खरं आहे. मला तर कधी कधी रागच येतो. ललिताजीसारखी एखादीच, बाकी वर्षानुवर्षं जाहिरातीतली बाई डाग निघाले म्हणून कृतकृत्य होते, नाहीतर उजळ झाली म्हणून तिचं लग्न जमतं. त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडावं लागलं. चॉकलेटच्या जाहिरातीत मित्राने षटकार मारला म्हणून मैदानात नाचत धावणारी मुलगी आपण १९९४मध्ये पाहिली. फलंदाज मुलगी आणि नाचणारा मुलगा असं उलट व्हायला २०२१ आलं. पण त्या दिवशी आमच्या समोर प्रश्न जाहिरातीतल्या बाईचा नव्हता, साठ पिशव्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, चल, दादरला जाऊ.

लोकलच्या लेडीज डब्यात ती पहिल्यांदाच गर्दीच्या वेळी बसली. समोर एक बाई मांडीवर पेपर पसरून गवार मोडत होती. क्लिपा विकणारी एक मुलगी आली. ती काहीच ओरडली नाही, फक्त एक क्लिप स्वतःच्या केसात लावून, वळून पाठ दाखवत पुढे गेली. चार जणींनी तिला थांबवलं. जाऊ माझ्या कानात म्हणाली, "बघा, हिला लेबल नाही लागत." नवरात्र जवळ आलं होतं, त्यामुळे अर्धा डबा कुठल्या दिवशी कुठला रंग यावर बोलत होता. नऊ दिवसांचे नऊ रंग ही आपल्याला आता जुनी रीत वाटते, पण ती पसरली २०००च्या दशकात, एका मराठी दैनिकाने रंग छापून वाचकांचे फोटो मागवायला सुरुवात केली तेव्हा. पेपरातली कल्पना डब्यात आली आणि डब्यातून ती तुमच्या-आमच्या गावच्या शाळेत, बँकेत पोचली. बार्शीलाही जाऊ दरवर्षी मोरपंखी साडी शोधत फिरतेच की!

दादर स्टेशनच्या बाहेर पश्चिमेला भाजीवाल्या बसतात. तिथे आम्ही तासभर नुसत्या उभ्या राहिलो. एकीकडे वाल होते, थोडे सुकलेले. एका बाईंनी नाक मुरडलं. भाजीवाली शांतपणे म्हणाली, "ताई, गावठी हायेत. चकाकणारं पाहिजे तर पलीकडं बघा." त्या बाईंनी अर्धा किलो घेतले. जाऊ तिच्याकडे बघतच राहिली.

फेव्हिकॉलच्या जाहिराती लिहिणारे पीयूष पांडे ऑक्टोबर २०२५मध्ये गेले. जयपूरच्या भरल्या घरातले, नऊ भावंडांतले, बहिणी सात. जैसलमेरच्या वाळवंटातून माणसांनी लगडलेली एक बस हेलकावे खात जाते आणि एकही माणूस खाली पडत नाही, ती त्यांची जाहिरात. आता अशी बस काय कुणी कल्पनेने निर्माण केली? राजस्थानात काय, आपल्याकडच्या वडापलाही माणसं तशीच लटकलेली असतात. ती सगळ्यांनीच पाहिली होती. त्यात चिकटवण्याचा डिंक फक्त त्यांना दिसला. जावेला हे सांगत सांगत आम्ही घरी आलो, आणि मी सहज विचारलं, "दुकानात लोक पिशवी उचलून परत का ठेवतात? काय म्हणतात नेमकं?"

"म्हणतात, पिशवी तेलकट झालीय."

"मग तू काय सांगतेस?"

"मी दुकानात असले तर सांगते ना. म्हणते, अहो, तेल वरून ओतलेलं नाही, कुटून सुटलंय. मिक्सरच्या चटणीला सुटून दाखवा!"

मी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग कागद-पेन दिलं आणि लिही म्हटलं. तिला कळेना. "हे तर मी रोज बोलते. ही कसली आयडिया?"

मग अक्षराचा प्रश्न आला. माझा मुलगा म्हणाला, कॉम्प्युटरवर छान टाइप करून देतो. त्याने मंगल नावाचा फाँट लावला. हा फाँट अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी घडवला आणि त्याला नाव दिलं ते पत्नीच्या नावावरून. आज सरकारी अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत या मंगलबाई सगळीकडे आहेत, पण चटणीच्या पिशवीवर त्या फारच सरकारी दिसायला लागल्या. मला कमल शेडगे यांची आठवण झाली. पूर्वी पेपरात नाटकांच्या जाहिराती यायच्या तेव्हा नाटकाचं नाव ज्या अक्षरांत असायचं, ती बहुतेक त्यांचीच. २०२०मध्ये ते गेले. विनोदी नाटकाचं नाव नुसतं बघूनच हसू यायचं आणि ऐतिहासिक नाटकाचं नाव तलवारीसारखं धारदार. अक्षराला आवाज असतो हे मला प्रुफं तपासताना त्यांच्या कामावरूनच कळलं. मुलाला म्हटलं, हे टाइप नको. काकूला तिच्या अक्षरात लिहू दे.

तिचं अक्षर वळणदार नाही. जरा उभट, घाईचं, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीतलं. पहिल्या कागदावर तिने मुद्दाम घोटून काढलं तर ते शाळेतल्या सुविचारासारखं झालं. सातव्या-आठव्या कागदावर हात सैल झाला आणि तिचा आवाज आला. पोळी करताना बोलते तस्सा. चित्र म्हणून सासूबाईंच्या उखळाचा मोबाइलवरचा फोटो मागवला. त्यांनी पाठवला, पण उखळ घासून लख्ख करून, हळदकुंकू वाहून! पुन्हा फोन केला, "आई, कुटत असतानाचा पाठवा." त्या म्हणाल्या, "अगं, कडेला तेल लागलेलं दिसेल." म्हटलं, तेच दिसू द्या.

लेबल अगदी साधं झालं. करड्या कागदावर उखळ, एक रंग, आणि तिच्या अक्षरात 'तेल वरून घातलेलं नाही, कुटून सुटलंय'. मागच्या बाजूला अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक, वजन, किंमत, केल्याची तारीख, ज्यातली तारीख पहिल्या लेबलावर छापखानेवाला विसरलाच होता. या गोष्टी विसरू नका बरं का. नाव कितीही सुंदर असलं तरी त्यांच्याशिवाय चांगला दुकानदार माल ठेवत नाही. आणि पिशवीही जाड घेतली. तेल कुटून सुटलेलं असलं तरी गिऱ्हाइकाच्या पर्समध्ये ते कशाला सुटू द्यायचं?

बार्शीला गेल्यावर छापखानेवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "वहिनी, बाई काढून टाकली? आणि अक्षर असं वाकडं का? मी सरळ करून देतो." ती नको म्हणाली. त्याने तिच्या नवऱ्याला फोन लावला. दिराने काय सांगितलं मला माहीत नाही, पण लेबलं वाकड्या अक्षरातच छापली गेली, पाचशे.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पहिल्या महिन्यात एका दुकानदाराने सगळा माल परत केला, त्याला लाल-पिवळंच हवं होतं. स्टँडजवळच्या दुसऱ्याने मात्र पिशव्या गल्ल्याशेजारी मांडल्या, कारण गिऱ्हाइकं ते वाक्य मोठ्याने वाचतात आणि हसतात, असं त्याचं म्हणणं. एक पुण्याच्या बाई दर महिन्याला बारा पिशव्या मागवतात. कर्जाचे शेवटचे तीन हप्ते चटणीच्या पैशातून गेले, त्याआधीचे मात्र घरखर्चातूनच.

परवा तिचा फोन आला. आता कारळ्याची चटणी करायचीय आणि त्याचं लेबल हवंय. मी म्हटलं, ये मग, दादरला जाऊ. तर म्हणाली, "नको ताई. सासूबाई सोमवारी बाजारात कारळे घ्यायला निघाल्यात. मी वही घेऊन त्यांच्या मागे जाणार आहे."