चिमूटभर मीठ आणि लिटरभर पाणी

पाण्यात मीठ विरघळले म्हणजे ते दिसेनासे होते, परंतु नाहीसे होत नाही. ते किती आहे हे डोळ्यांना कळत नाही आणि जीभ केवळ अंदाज बांधते. नेमके उत्तर गणितच देते, आणि ते गणित अगदी साधे आहे. एक लिटर द्रावणात जितके ग्रॅम पदार्थ विरघळलेला असेल, तितकी त्या द्रावणाची संहती होय. या संहतीला द्रावणाच्या आकारमानाने गुणले की विरघळलेल्या पदार्थाचे वस्तुमान मिळते.

१९७१ साली बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी रुग्णांना तोंडाने द्रावण पाजण्याचे ठरविले. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे त्याचे प्रमाण होते. आतड्यात ग्लुकोजबरोबर मिठातील सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी शरीरात जाते. या प्रमाणाने १६ लिटरांचे पिंप भरावयाचे झाल्यास ३५२ ग्रॅम ग्लुकोज, ५६ ग्रॅम मीठ आणि ४० ग्रॅम सोडा लागेल. या उपायाने तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्याही खाली आले.

रसायनशास्त्रज्ञ संहती बहुधा मोलमध्ये सांगतात. अशा वेळी गणिताची एक पायरी वाढते, इतकेच. मिठाचा एक मोल म्हणजे ५८.५ ग्रॅम. सलाइनमध्ये लिटरमागे ०.१५४ मोल मीठ असते. तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ०.१५४ × ०.५ × ५८.५, म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम मीठ असते.

आता घरातील पुडीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्रानुसार क्षारसंजीवनीच्या लिटरभर द्रावणात २.६ ग्रॅम मीठ असते, आणि इतर क्षार धरून सोडियमची संहती ७५ मिलिमोल होते. हीच पुडी कोणी २०० मिलिलिटरच्या पेल्यात ओतली, तर मिठाचे वस्तुमान तेच राहते, परंतु सोडियमची संहती पाचपट, म्हणजे ३७५ मिलिमोल होते. निरोगी माणसाच्या रक्तात ती १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. जुलाबाने आधीच सुकलेल्या बालकाला इतके तीव्र द्रावण पाजणे जिवावर बेतू शकते. उलट, पाणी फार झाले तर क्षार कमी पडतात.

बाजारात लिटरभर पाण्याच्या पुड्या मिळतात, तशा २०० मिलिलिटरच्याही मिळतात. म्हणून पुडी फोडण्यापूर्वी तिच्यावरील पाण्याचे माप वाचावे आणि तितकेच स्वच्छ पाणी मोजून घ्यावे. पुडीतील क्षार कारखान्यात तोलले गेलेले असतात. पाणी मोजण्याचे काम मात्र घरातील माणसांनाच करावे लागते.