सीरियल कन्सोल आणि आठवे बिट

बंगळूर येथे २००१ साली भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक पुढे आणला. तो लिनक्सवर चाले. भारतीय भाषांतून व्यवहार हे त्याचे एक उद्दिष्ट होते. अशी यंत्रे घडविताना, पडद्यावर काही उमटण्यापूर्वी त्यांचे संदेश वाचण्याचा मार्ग म्हणजे सीरियल कन्सोल, अर्थात दुसऱ्या संगणकाकडे एकेक बिट क्रमाने नेणारी जोडणी.

तिच्यातील दोष लक्षणांवरून ओळखता येतात. काहीच उमटत नसेल तर प्रथम तारा पाहाव्यात. एकाची पाठविणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या टोकास जोडलेली असावी लागते. निरर्थक चिन्हे उमटत असतील तर बहुधा वेग जुळत नाही. एकीकडे ९६०० बॉड, दुसरीकडे १,१५,२०० असे असते.

तिसरा दोष भाषाभ्यासकाने विशेष ध्यानी घ्यावा असा आहे. इंग्रजी मजकूर शुद्ध येतो, देवनागरी मात्र विस्कटते. इंग्रजीस सात बिटे पुरतात. १९९१ च्या इस्की मानकात देवनागरी वर्णांचे संकेत आठव्या बिटावर उभे आहेत. जोडणी सात बिटांवर ठेवली की ते गळते, आणि ‘क’च्या जागी तीनचा आकडा, ‘म’च्या जागी रोमन एल उमटतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीतही देवनागरीच्या प्रत्येक बाइटास ते बिट लागतेच. म्हणून इंग्रजी वाक्य पोचले, एवढ्यावरून जोडणी निर्दोष ठरत नाही. कसोटीसाठी देवनागरी ओळच धाडली पाहिजे.