राखीव प्रत, संगणकीय (गृहजालकावरील)
संगणकातील माहिती नष्ट झाल्यास ती पुन्हा मिळविता यावी, म्हणून वेगळ्या साधनावर जतन केलेल्या तिच्या प्रतीस राखीव प्रत म्हणतात. खाजगी वापरात ही प्रत बहुधा घरातील राउटरला जोडलेल्या साठवणपेटीवर घेतली जाते. एक वा अधिक हार्ड डिस्क असलेली ही पेटी म्हणजे एक लहानसा संगणकच होय. घरातील सर्व संगणकांना तिच्यावर लिहिता येते व तारा जोडण्याची आठवण ठेवावी लागत नाही. हाताने घ्यावयाची प्रत सहसा राहून जाते, हे लक्षात घेता हा लाभ मोठा आहे.

प्रथम संपूर्ण प्रत घेऊन पुढे केवळ बदललेला भाग पाठविला जातो. अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांच्या ‘आरसिंक’ (१९९६) या आज्ञावलीत धारिकेचे तुकडे पाडून त्यांच्या बेरीज-खुणा ताडून पाहतात व न जुळणारा भागच धाडतात. ॲपल कंपनीच्या ‘टाइम मशीन’मध्ये (२००७) गेल्या चोवीस तासांच्या ताशी, महिन्याभराच्या दैनिक व त्यापूर्वीच्या साप्ताहिक प्रती राहतात. जागा संपली की सर्वांत जुनी प्रत पुसली जाते; म्हणून पेटीवर प्रत्येक संगणकास जागेची मर्यादा घालून द्यावी. ती संगणकाच्या साठवणीच्या सुमारे दुप्पट असावी. पहिली प्रत तारेनेच घेणे इष्ट. सेकंदास एक गिगाबिट वेगाच्या तारेवरूनही एक टेराबाइट माहिती जाण्यास किमान सव्वादोन तास लागतात. बिनतारी जोडणीवर याहून पुष्कळच अधिक. शिवाय जोडणी मध्येच तुटल्यास प्रत बिघडून सर्व आरंभापासून करावे लागण्याचा संभव असतो.

प्रत कूटबद्ध केल्यास पेटी चोरीस गेली तरी मजकूर परक्यास वाचता येत नाही. मात्र परवलीचा शब्द हरवल्यास तो मालकासही दुरावतो. प्रतीसाठी पेटीवर स्वतंत्र खाते ठेवावे. संगणकास सतत खुली असलेली पेटी ‘वॉनाक्राय’सारख्या (२०१७) खंडणीखोर आज्ञावलीच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते.

पेटीतील दोन डिस्कवर एकच मजकूर उमटविण्याच्या ‘रेड’ पद्धतीस राखीव प्रत समजणे ही सार्वत्रिक चूक आहे. तिच्यामुळे एक डिस्क बंद पडल्यास काम अडत नाही, एवढेच. चुकून पुसलेली धारिका दोन्ही डिस्कवरून तत्क्षणी पुसली जाते. आग वा पूर यांपुढे तर घरातील कोणतीच पेटी टिकत नाही. यास्तव छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तीन प्रती, दोन प्रकारची साधने व एक प्रत अन्यत्र, असा नियम सुचविला.

प्रत घेतली जाते म्हणजे ती परत मिळेलच असे नाही. दर काही महिन्यांनी एखादी धारिका प्रतीवरून उतरवून उघडून पाहावी. १९९८ मध्ये पिक्सार संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक धारिका एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही सदोष असल्याचे तेव्हाच उघडकीस आले. अपत्यजन्मानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुस्मन यांच्या घरच्या संगणकावर एक थोडी जुनी प्रत होती. तिच्यावरून काम सावरले. पुढे कथानक न रुचल्याने चित्रपटाचा बराचसा भाग नव्यानेच रचण्यात आला व तो १९९९ मध्ये प्रदर्शित झाला.