पिवळं धान हिरवं होताना

देवघराच्या कोपऱ्यात घट बसतात, पत्रावळीवरच्या काळ्या मातीत गहू पेरला जातो आणि दसऱ्यापर्यंत वीतभर धान तरारून येतं. पिवळंधमक. दसऱ्याला तेच टोपीत, केसांत खोचायचं. हा पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा. एरवी ती हिरव्याआड झाकलेली असतात. इथे हिरवं व्हायलाच उजेड मिळालेला नसतो.

तरी पानाची तयारी जवळपास झालेली असते. अंधारातही ते प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचं कच्चं द्रव्य थोडंसं बनवून ठेवतं. ते पुढे क्लोरोफिलच्या वाटेला लावणारं विकर मात्र उजेड पडल्याशिवाय हलत नाही. गहू, ज्वारी, हरभरा, सगळ्या सपुष्प वनस्पतींची हीच गत. (पाइनची रोपं अंधारातही हिरवी होतात. त्यांच्याकडे उजेडावाचून चालणारं आणखी एक विकर आहे.)

घटाची पत्रावळ खिडकीत ठेवा. साठलेलं कच्चं द्रव्य क्षणार्धात पालटतं, पण ते इतकं कमी असतं की डोळ्यांना काही कळत नाही. पुढचे काही तास पान आतली पटलं रचतं, प्रथिनं जमवतं. मग हिरवी झाक चढते.

एवढा सोस कशाला? कारण मोकळं क्लोरोफिल घातक आहे. शोषलेल्या उजेडाची ऊर्जा कामी लागली नाही, तर ती ऑक्सिजनला मिळते आणि असा चेतवलेला ऑक्सिजन पेशीच जाळत सुटतो. म्हणून क्लोरोफिलचा प्रत्येक रेणू प्रथिनात बसवावा लागतो, आणि अंधारात कच्चा साठा पुरेसा झाला की पान पुढचं उत्पादन थांबवतं. अराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या एका उत्परिवर्तित वाणात हा लगामच नाही. त्याची अंधारात वाढलेली रोपं उजेडात आणली की मरतात. आंब्याची, कुसुंबाची तांबूस पालवी उशिरा हिरवी होते, तीही कोवळ्या पानाची उन्हापासून जपणूक असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

चुनखडीच्या जमिनीतल्या उसाचं दुखणं वेगळं. तिथे ऊन भरपूर, तरी नवी पानं पिवळी. क्लोरोफिलच्या रेणूत मॅग्नेशियम असतं, लोह नसतं. पण तो घडवायला लोह लागतंच. जमिनीत ते असूनही मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि तेही शेंड्याकडच्या पानांवर, असं दिसलं की हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, फवारतात. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर आधी नत्राकडे बघावं. हिराकशीचा खर्च तिथे वाया जातो.