कलिंगपट्टणमचे वादळ आणि कयाधूकाठची ग्रामसभा

चक्रीवादळ म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला कोकण आठवते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग, मग पुढच्या वर्षी मे महिन्यातले तौक्ते, मोडून पडलेल्या नारळी-पोफळीच्या बागा. कयाधू नदीकाठचे हिंगोली अरबी समुद्रापासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आत आहे. तेव्हा वादळाचे नियोजन आणि त्यावर जनतेच्या सूचना हा सगळा किनारपट्टीचा मामला, आपल्याला त्याचे काय, असा समज पक्का बसलेला आहे. यातला भूगोल बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. हिंगोलीला भिजवणारे वादळ बहुतेक वेळा पूर्वेकडून येते. गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. तिथून हिंगोली जवळपास साडेसातशे किलोमीटर. जमिनीवर आल्यावर वारा ओसरला, पण कमी दाबाचा पट्टा पाणी घेऊन तेलंगणमार्गे मराठवाड्यावर सरकला आणि २८ तारखेला मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून शाहीन नावाचे नवे वादळ झाले आणि थेट ओमानला जाऊन धडकले. तीन वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर, आणखी एक कमी दाबाची प्रणाली त्याच कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडून आत आली. विजयवाडा बुडाले ते याच पावसात, आणि १ व २ सप्टेंबरला हिंगोली, नांदेड, परभणीत अतिवृष्टी झाली तीही याच पावसात. ही तारीखसुद्धा नीट पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट संपता संपता काळी जमीन तुडुंब भिजलेली असते, येलदरी आणि इसापूर ही धरणे भरत आलेली असतात. पूर्णेवर येलदरीच्या खाली सिद्धेश्वर आहे, म्हणजे वरून सोडलेले पाणी पुन्हा खालच्या धरणाच्या दारात उभे राहते आणि तिथून वसमतकडच्या गावांकडे निघते. जूनमधला शंभर मिलिमीटर पाऊस आणि सप्टेंबरमधला शंभर मिलिमीटर पाऊस कागदावर सारखाच दिसतो, नदीला तो सारखा नसतो.

दुसरा समज अधिक चिवट आहे: आपत्तीचा आराखडा म्हणजे कलेक्टर ऑफिसचे काम, त्यात सामान्य माणसाला विचारत नाहीत आणि विचारायचे कारणही नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ वाचला तर चित्र वेगळे दिसते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात हे सर्वांना ठाऊक असते. मात्र जिथे जिल्हा परिषद आहे तिथे तिचा अध्यक्ष या प्राधिकरणाचा पदसिद्ध सहअध्यक्ष असतो, हे फार थोड्यांना माहीत असते. जिल्ह्याचा आराखडा स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून करायचा आणि दरवर्षी त्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा, हेही कायद्यातच आहे. म्हणजे ग्रामपंचायतीचे म्हणणे ऐकणे ही साहेबांची मेहेरबानी नाही, तो आराखड्याच्या रीतीचा भाग आहे. अर्थात रीत कागदावर असणे आणि चालू असणे यांत अंतर पडते. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, हिंगोलीचीही संपली, आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलैमध्ये, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात रातोरात पाणी घरांत शिरले. लोकनियुक्त सहअध्यक्षाची खुर्ची तेव्हा रिकामी होती. ती भरलेली असती तर पूर आला नसता असे कोणी म्हणणार नाही. पण गावाचे म्हणणे जिल्ह्याच्या टेबलापर्यंत नेणारा कायदेशीर माणूस नेमका त्या पावसाळ्यात नव्हता, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

यावर जाणकार विचारतात की गावकऱ्यांच्या सांगण्याने असे काय वाढणार? उपग्रह आहेत, हवामान केंद्रे आहेत, नदीच्या पूररेषा आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा जलसंपदा विभागाचा हिशेब आहे. साधने चांगली आहेत, ती हवीतच. पण ती काय मोजतात ते पाहावे. अतिवृष्टी ठरते २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे, आणि तीही महसूल मंडळाच्या आकड्यावर. एका मंडळात बरीच गावे, त्यांना पर्जन्यमापक एक. ढगफुटीसारखा पाऊस माळावर पडून गेला आणि मापक कोरडा राहिला, तर कागदोपत्री तिथे काही घडलेच नाही, आणि मग पंचनाम्याच्या वेळी भांडण सुरू होते. पूररेषा आखतात त्या मोठ्या नद्यांच्या, गावात पाणी घुसवतो तो मात्र पुष्कळदा नाव नसलेला ओढा. रस्त्याचा भराव उंच केला आणि खाली दोन सिमेंटच्या नळ्यांची मोरी ठेवली, की पहिल्या मोठ्या पावसात पऱ्हाट्या, तुराट्या, प्लास्टिक अडकून तिचे तोंड बुजते. भराव धरणासारखा उभा राहतो आणि पाणी गावठाणाकडे वळते. ही मोरी उपग्रहाला दिसत नाही, शेजारच्या शेतकऱ्याला रोज दिसते. तसेच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणारे सालगडी. मतदार यादीत त्यांचे घर गावात, पावसाळ्यात ते बायकामुलांसह आणि जनावरांसह नदीकाठच्या शेतात. रात्री इशारा आला तर गावात दवंडी फिरेल, भोंगा वाजेल, आखाड्यावर कोण जाणार? कोणत्या आखाड्यावर किती माणसे झोपतात, हे पोलीस पाटलाला आणि कोतवालाला तोंडपाठ असते. ते आराखड्यात उतरले पाहिजे.

आता खरा आक्षेप. लोक स्वतःच्या सोयीचे बोलतात. पूररेषा माझ्या प्लॉटच्या अलीकडून न्या, नाला शेजाऱ्याच्या बांधावरून काढा, भरपाईच्या यादीत आमचे नाव घाला. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. नाला बुजवून दुकाने बांधणारा माणूसही ‘जनता’च असतो. म्हणूनच सूचना मोघम असून चालत नाही. पाणी कोणत्या तारखेला, कोणत्या गटात, कुठवर चढले, भिंतीवरची खूण अजून दिसते का, फरशी पूल किती तास बंद राहिला, एवढे लिहून दिले की ते मत उरत नाही, तपासता येणारी नोंद होते. वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे म्हणणे जुळत नसेल तर अभियंत्याने जागेवर जाऊन लेव्हल लावावी. स्वार्थाला उतारा उघड्या चौकशीचा असतो. बंद खोलीतला आराखडाही कोणाच्या ना कोणाच्या स्वार्थाने वाकतो, फक्त तो दिसत नाही.

‘पण आम्ही बोलायचे कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे, कारण आपत्ती आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून प्रत्येक नागरिकाच्या हरकती मागवण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. सल्लामसलत स्थानिक संस्थांशी, व्यक्तीशी नाही. दरवाजा दुसरीकडे आहे, आणि तो बराच रुंद आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रादेशिक योजनेचा मसुदा जाहीर झाला की कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते, आणि त्यासाठी किमान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. बाधित लोकांना सुनावणीची संधीही द्यावी लागते. प्रादेशिक योजना म्हणजे एनए प्लॉट आणि बिल्डरांचे प्रकरण, असे समजून गावे तिच्याकडे पाठ फिरवतात. वास्तविक रस्ता कुठून जाणार, वस्ती कुठे वाढणार, ओढ्याला जागा राहणार की नाही, हे तिथेच ठरते. एकदा मंजूर झाले की पुढे कितीही निवेदने दिली तरी मोरीचा व्यास वाढत नाही. कोकणात किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नकाशांवर कोळीवाड्यांनी जे केले, आपली वहिवाट नकाशात दिसत नाही म्हणून हरकती घातल्या, त्याची जमिनीवरची जोडी ही आहे.

रोजच्या हाताशी असलेली जागा ग्रामसभा. तिथे घरकुल आणि रेशन यांच्या पुढे विषय सरकत नाही, ही तक्रार जुनी आहे. पण १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या बरोबर तोंडावर येते. हळद शिजवून वाळत घातलेली असते, अवकाळीच्या भीतीने सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे असतात, तेव्हा बुजलेल्या मोऱ्यांची आणि आखाड्यांची यादी वाचून ठराव घेणे अवघड नाही. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना जावी, पोच घ्यावी, आणि त्यातले काय जिल्ह्याच्या आराखड्यात आले ते माहितीच्या अधिकारात आराखडा मागवून ताडून पाहावे. नसेल आले, तर पुढच्या आढाव्याच्या वेळी तोच ठराव, त्या पोचेसह, पुन्हा टेबलावर ठेवता येतो.